हवेतलं पाणी काढणारा इंजिनीअर

गाडीचा एसी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं येणारा कुबट वास बहुतेकांना परिचित असतो. पावसाळ्यात तो जास्त येतो. गाडी चार दिवस उभी राहिली तर आणखी जास्त. अनेक जण त्यावर सुगंधी डबी लावून मोकळे होतात. हा वास का येतो, हे समजून घ्यायचं तर एसीचा जनक मानल्या जाणाऱ्या विलिस कॅरियर यांचं आयुष्य पाहावं लागेल. कारण एसीचा शोध मुळात गारव्यासाठी लागलाच नव्हता. तो लागला हवेतली ओल काढण्यासाठी.

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळच्या अँगोला या गावी झाला. घर शेतकऱ्याचं, आणि विलिस एकुलता एक. लहानपणी त्याला अपूर्णांक काही केल्या समजेनात. तेव्हा आईने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून गणित दाखवलं. अवघड प्रश्नाचे तुकडे करून तो सोडवायचा, ही सवय त्याला तिथे लागली. विलिस अकरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे हलाखीतून वाट काढत, शिष्यवृत्ती मिळवून त्याने कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण घेतलं. १९०१ मध्ये पदवी मिळाली आणि बफेलो शहरातल्या, पंखे आणि हीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाला.

पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार त्याच्याकडे आली. रंगीत छपाईत त्या वेळी एकेक रंग स्वतंत्रपणे छापला जाई. दोन रंगांच्या मध्ये हवा दमट झाली की कागद फुगे, कोरडी झाली की आकसे. मग रंग एकमेकांवर नीट बसत नसत आणि छापलेला माल वाया जाई. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेल्या आराखड्यांत पंचवीस वर्षांच्या कॅरियर यांनी यावर तोडगा मांडला. थंडगार नळ्यांच्या जाळीवरून हवा न्यायची. हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन नळ्यांवर जमते आणि पुढे जाणारी हवा कोरडी होते. छापखान्यातली आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवण्याचं उद्दिष्ट होतं.

यामागचा हिशेब सोपा आहे. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे बाष्पाने भरलेली हवा तेवढी थंड केली, तर प्रत्येक घनमीटरमागे वीसेक ग्रॅम पाणी बाहेर पडणारच.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहताना दाट धुकं पडलं होतं. धुक्यात हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, पण थंडीमुळे त्यात प्रत्यक्ष पाणी थोडंच असतं. म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली आणि त्या पाण्याचं तापमान ताब्यात ठेवलं, तर पाण्यानेच हवा हवी तितकी कोरडी करता येईल! ऐकायला उलट वाटणाऱ्या या कल्पनेचं पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळालं. त्याच वर्षी कापडगिरण्यांचे अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी 'एअर कंडिशनिंग' हा शब्द वापरात आणला. १९११ मध्ये कॅरियर यांनी तापमान आणि आर्द्रता यांचं नातं सांगणारी सूत्रं अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संघटनेपुढे मांडली. या शाखेचा पाया त्यांनीच घातला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मालकांनी हा विभाग गुंडाळायचं ठरवलं. तेव्हा १९१५ मध्ये कॅरियर आणि सहा सहकाऱ्यांनी स्वतःची कंपनी काढली. गिरण्या आणि कारखान्यांपुरता असलेला एसी पुढे दुकानांत आणि चित्रपटगृहांत आला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये उन्हाळ्यातही प्रेक्षक गारव्यात बसले. मोटारीत एसी आला तो १९४० च्या पॅकार्ड गाड्यांत. तो कॅरियर यांच्या कंपनीचा नव्हता, पण तत्त्व तेच. तो बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. कॅरियर ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. घरोघरी आणि गाडोगाडी एसी पोहोचलेला पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

त्यांनी हवेतून काढलेलं पाणी आज आपल्या गाडीत डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर जमतं आणि एका नळीतून रस्त्यावर ठिबकतं. गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते. त्यावर धूळ, आजूबाजूला अंधार आणि उभ्या गाडीतली ऊब. बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय हवं? त्यांच्यापासून निघणारे वायू म्हणजेच तो कुबट वास.

निरोगी माणसाला यामुळे सहसा मोठा अपाय होत नाही. पण दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना, विशेषतः मुलांना, गाडीत बसताच शिंका, खोकला किंवा धाप सुरू होऊ शकते. काही व्यक्तींमध्ये बुरशीचे कण वारंवार श्वासात गेल्याने फुप्फुसांना सूज येते. प्रवासानंतर काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि दम लागणं असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना गाडीच्या वासाबद्दलही सांगावं.

उपाय कॅरियर यांच्या हिशेबातूनच निघतो: काढलेलं पाणी साचू द्यायचं नाही. मुक्कामाला पोहोचण्याआधी चार-पाच मिनिटं एसी बंद करून पंखा सुरू ठेवावा, म्हणजे कॉइल सुकते. आतलीच हवा फिरवणारं बटण सतत दाबून ठेवू नये. केबिन फिल्टर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बदलावा, धुळीच्या रस्त्यांवर थोडा लवकरच. दमट दिवसात एसी चालू असूनही गाडीखाली पाणी ठिबकत नसेल आणि पायाखालची चटई ओली लागत असेल, तर नळी तुंबली आहे असं समजून ती साफ करून घ्यावी. तरीही वास राहिला तर कॉइल धुऊन घ्यावी आणि त्यानंतर दारं उघडी ठेवून गाडी हवेशीर करावी. वास कुबट नसून गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर इंजिनचं कूलंट आत गळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी लगेच मेकॅनिककडे न्यावी.

सुगंधी डबी यातलं काहीच करत नाही. ती फक्त बुरशीची वर्दी देणाऱ्या नाकाला गप्प बसवते. शिवाय दम्याच्या काही रुग्णांना तिच्या उग्र वासानेच धाप लागते.