लक्ष्मीबाईंचं सोवळं

मैत्रिणींनो, ‘माझं चुकलं’ हे शब्द काही सहज तोंडातून निघत नाहीत. भाजी खारट झाली तरी आपण आधी मिठालाच नावं ठेवतो! मग ज्या समजुतीवर अर्धं आयुष्य काढलं, ती सोडणं किती जड जात असेल? आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना हे सोडावं लागलं.

माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं. त्या सोवळ्याचा जाच सोसला, तरी ते लक्ष्मीबाईंच्या अंगात मुरलंच. अकराव्या वर्षी लग्न झालं. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, मुंबईत ख्रिस्ती झाले. पदरात लहानगा दत्तू, आणि वर लोकांची बोलणी. अशा वेळी सावरलं ते नातेवाइकांनी. पंढरपूरला आसरा मिळाला.

मला वाटतं, खरी अडचण इथंच आहे. पडत्या काळात ज्यांनी जवळ केलं, त्यांचेच नियम चुकीचे आहेत असं म्हणायचं कसं? आणि ते चुकीचे असतील, तर इतकी वर्षं नवऱ्यापासून दूर राहून डोळे गाळले ते कशासाठी? हा हिशेब मांडायचीच भीती वाटते. आमच्या बचत गटात अजूनही एखादी ‘आज उपास आहे’ म्हणून चहा टाळते. उपास कसला, ते सगळ्यांना कळतं.

पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या, पण स्वयंपाकपाणी वेगळं ठेवूनच. मग राहुरीला असताना त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला. जनावरांच्या जाती देवानं केल्या, त्या दिसायलाच वेगळ्या. माणसांत तसा फरक कुठं दिसतो? म्हणजे या जाती माणसांनीच केलेल्या! त्या पार हादरून गेल्या. पण यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे नवऱ्यामागं फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या डोक्यानं विचार करून त्यांनी सोवळं सोडलं.

पुढे त्याच घरात दुष्काळातली अनाथ पोरं जेवली, वाढली. १९३६ साली लक्ष्मीबाई नाशिकलाच वारल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. वडिलांच्या त्या धुण्याधुवण्याबद्दल आणि स्वतःच्या हट्टाबद्दल त्यांनी सारख्याच मिस्कीलपणे लिहिलंय.