एफ.एम.चा एकांडा शिलेदार

आर्मस्ट्राँग म्हटलं की डोळ्यांपुढे चंद्रावर उतरलेला नील येतो, फार तर ट्रम्पेट वाजवणारा लुई. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे नाव ईएनटीसीच्या मुलांनाही चटकन आठवत नाही. गंमत म्हणजे ज्या सुपरहेटेरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम घोकून आपण व्हायवा पार करतो, तो याच गृहस्थाचा! आणि एफ.एम. रेडिओही त्याचाच.

१८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. लहानपण जवळच्या याँकर्स गावात गेलं. स्वभावाने लाजाळू, पण उंचावर चढायचं वेड जबरदस्त. घराच्या आवारात त्याने अँटेनासाठी स्वतःच उंच खांब उभारला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ मध्ये, म्हणजे साधारण आपल्याच वयात, त्याने पहिला मोठा शोध लावला. ली डी फॉरेस्टची ऑडियन नळी १९०६ पासून होती, पण ती नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्टलाही धड सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँगने नळीच्या आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला जोडला आणि कानाला जेमतेम लागणारे सिग्नल खणखणीत ऐकू येऊ लागले. पेटंटसाठी वडिलांकडे पैसे मागितले, तर वडिलांनी सांगितलं की आधी डिग्री पूर्ण कर. (बाप इथूनतिथून सारखेच!) शेवटी ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने सर्किटची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली, तेवढाच पुरावा.

पुढे याच सर्किटवर डी फॉरेस्टने हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाला सर्किटच कळलं नाही, असं त्या वेळच्या बहुतेक इंजिनिअरांचं मत होतं. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक आर्मस्ट्राँग परत करायला गेला, तेव्हा संस्थेने ते घ्यायला साफ नकार दिला. कोर्ट काही का म्हणेना, जाणकारांच्या लेखी शोध त्याचाच होता.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. पॅरिसमध्ये लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये असताना, १९१८ मध्ये, त्याने सुपरहेटेरोडाइन शोधला. पेटंट विकून पैसा आला, आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचे भरपूर शेअर्सही आले. आरसीएचे डेव्हिड सार्नॉफ त्याचे मित्र. सार्नॉफच्या सेक्रेटरी मॅरियन यांच्यावर याचं मन जडलं. १९२३ मध्ये हा पठ्ठ्या आरसीएच्या नव्या टॉवरच्या टोकावर चढला आणि वर फोटो काढून घेतले! सार्नॉफ भडकले, पण त्याच वर्षी एडविन-मॅरियनचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून त्याने बायकोला स्वतः बनवलेला पोर्टेबल रेडिओ दिला.

आता मुख्य विषय. ए.एम. रेडिओवर ढग गडगडले की खरखर, शेजारी मोटर चालू झाली की खरखर. ही खरखर लहरीच्या उंचीत, म्हणजे ॲम्प्लिट्यूडमध्ये मिसळते. मग माहिती फ्रिक्वेन्सीच्या चढउतारात का भरू नये? ही कल्पना जुनीच होती, पण १९२२ मध्ये कार्सन या नामांकित गणितज्ञ इंजिनिअरने गणित मांडून ती निकालात काढली होती. सगळे जण पट्टा अरुंद कसा करता येईल ते पाहत होते. आर्मस्ट्राँगने उलट तो भरपूर रुंद केला आणि खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला पेटंटं मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. याँकर्सहून प्रक्षेपण चालू होतं. तिथे ग्लासात ओतलेलं पाणी, फाडलेला कागद... सभागृहात सगळं जसंच्या तसं ऐकू आलं.

तरीही आरसीएला ते नको होतं. त्यांचा सगळा धंदा ए.एम.वर उभा होता आणि पुढचा पैसा टेलिव्हिजनवर लावला होता. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरची त्याची उपकरणं त्यांनी काढायला लावली. मग आर्मस्ट्राँगने न्यू जर्सीत अल्पाइन इथे पदरचे पैसे घालून ४०० फुटांहून उंच टॉवर उभारला. एफ.एम. लोकांना आवडू लागलं. १९४० मध्ये आरसीएने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर रॉयल्टी देत होत्या, मग यांनाच सूट का, म्हणून याने नकार दिला. हट्टीपणा? असेलही. मला मात्र तो हिशेब चोख वाटतो.

खरा घाव १९४५ मध्ये बसला. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफ.एम.ला ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेलं. वातावरणाच्या वरच्या थरांमुळे व्यत्यय येईल, हे कारण दिलं. आर्मस्ट्राँगने ते मुद्देसूद खोडून काढलं, पण व्यर्थ. लोकांच्या घरातले लाखो एफ.एम. सेट यामुळे निकामी ठरले. मोकळ्या झालेल्या पट्ट्यातला मोठा भाग टेलिव्हिजनला गेला. सेट उत्तम, लहर उत्तम, ऐकणारे खूश. आणि एका सरकारी आदेशाने सगळं पुन्हा शून्यावर! आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं की फोनमधली एफ.एम.ची सोय बंद करू नका. खिशातल्या यंत्रात काय चालावं हे ठरवणाऱ्यांत आपला नंबर फार शेवटी लागतो.

१९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. वकिलांनी साक्ष लांबवत नेली, १९५० मध्ये पेटंटांची मुदतही संपली. पैसा आटला, तोल सुटला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये, खटल्यासाठी पैसे मागताना झालेल्या भांडणात त्याने मॅरियनवर हात उगारला. त्या घर सोडून गेल्या. याबाबतीत त्याची बाजू घेता येणार नाही. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने न्यूयॉर्कमधल्या तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेऊन जीव दिला.

खटले पुढे मॅरियननेच चालवले. त्याच वर्षी डिसेंबरात आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. १९४० मध्ये देऊ केले होते तेवढेच. बाकीच्या कंपन्यांशी त्या एकेक करून भांडत राहिल्या. शेवटचा खटला मोटोरोलाविरुद्धचा, तोही त्यांनी १९६७ मध्ये जिंकला.