डॉ. कमल रणदिवे : पेशींच्या जगातील कर्तबगार मराठी स्त्री

मराठी घरात पहिली महिला डॉक्टर कोण, असे विचारले तर लहान मूलही आनंदीबाईंचे नाव सांगते. पण डॉक्टर ज्या ज्ञानाच्या आधारावर औषध देतात, ते ज्ञान शोधून काढणाऱ्या एखाद्या स्त्रीचे नाव विचारा, आपण मोठी माणसे गप्प होतो. म्हणून या वर्षी स्मरणिकेसाठी मी डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र निवडले. मी डिप्लोमा झालेला, रुळांच्या देखभालीत केस पिकवलेला माणूस. वैद्यकीय बारकाव्यांत चूकभूल द्यावी घ्यावी.

कमलताई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक, शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे ही वडिलांची इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही! वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३९ साली गणितज्ञ रणदिवे यांच्याशी विवाह केला. लग्नानंतर शिक्षण थांबले नाही, उलट पतीने अभ्यासाला हातभार लावला. १९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून त्या एम.एस्सी. झाल्या. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास मला फार गमतीचा वाटतो.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांसारखे गुरू लाभले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. पुढे फेलोशिपवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या, ही विद्या तिथे शिकल्या. रोग्याला हात न लावता रोगाचा अभ्यास करता यावा, अशी ही सोय. आम्ही रुळाच्या पोटातली बारीक चीर बाहेरून यंत्र लावून शोधतो, त्यामुळे या कामातली चिकाटी थोडीफार समजते.

परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध अभ्यासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे काम पुढे लस तयार करताना उपयोगी पडले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकही होत्या. परदेशात स्थिरावू पाहणाऱ्या तरुण संशोधकांना मायदेशी परतण्याचा त्या आग्रह धरीत.

मला मात्र त्यांचे १९७३ चे काम सर्वांत मोठे वाटते. त्या वर्षी सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेतला प्रयोग घड्याळ पाहून संपत नाही. पेशींना रविवार नसतो. अशा वेळी तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे, परगावच्या मुलीने राहायचे कुठे, या प्रश्नांवर हुशार मुली संशोधन सोडतात, बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. वाशीला संघटनेने नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर उभे केले, ते यासाठीच.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे संशोधन करायचे म्हणते. पीएच.डी. होईपर्यंत लग्नाचे वय निघून जाईल, असे आमच्याच नात्यातल्या दोघा-तिघांनी मला ऐकवले. मुलाच्या बाबतीत हे कोणी म्हटले नसते. मी त्यांना कमलताईंच्या तारखा सांगितल्या : विवाह १९३९, पीएच.डी. १९४९. मधली दहा वर्षे संसारही चालला होता.

१९८२ साली पद्मभूषण मिळाले. उतारवयात कमलताई तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांचे पोषण तपासत हिंडल्या, गावातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.