उन्हाळ्याची सुटी आणि सयाजीरावांची ग्रंथपेटी

वार्षिक परीक्षा आटोपली की शाळांना कुलपे लागतात आणि लाखो मुले दीड-दोन महिन्यांसाठी मोकळी होतात. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, त्यांची चिंता नाही. परंतु ज्यांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद येत नाही, त्या मुलांचा अक्षरांशी असलेला संबंध या काळात तुटतो. चौथीतील मूल जूनमध्ये पुन्हा अडखळत वाचू लागते, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. या दुखण्यावर सार्वजनिक ग्रंथालयासारखे दुसरे औषध नाही. हे ज्या मराठी माणसाने शतकापूर्वी ओळखले, त्या सयाजीराव गायकवाडांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ हा शेतकरी कुटुंबातील मुलगा. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी या मुलाला दत्तक घेतले. गादीवर बसला तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि लिहिण्यावाचण्याशी त्याचा परिचय जवळजवळ नव्हताच. ज्या वयात इतर राजपुत्र इंग्रजी कविता म्हणून दाखवीत, त्या वयात या राजाने मुळाक्षरे गिरवायला घेतली. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या व्याख्यानांतून त्याचे शिक्षण झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सर्व सूत्रे हाती आली, त्या वेळी त्याला वाचनाची गोडी लागलेली होती आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा अभ्यास करून त्यावरील टिपणे त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, यावरून या वाचनाचा पल्ला ध्यानात यावा.

उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत अधिक कळते. १८९३ साली सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दंड होत असे. ही सक्ती त्या काळी धाडसाचीच होती. परंतु तिच्यातील उणीवही महाराजांच्या लवकरच लक्षात आली. दंडाच्या भीतीने मुलाचे नाव पटावर येते; त्याला वाचनाची गोडी दंडाने लागत नाही. चार इयत्ता शिकून शेताकडे वळलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक आले नाही, तर काही वर्षांत तो होता तसा निरक्षर होतो आणि त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च पाण्यात जातो. शाळेने लावलेले रोप शाळेबाहेर जगवायचे, तर गावोगाव ग्रंथालय हवे, या निष्कर्षाला ते आले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. मुलांसाठी उन्हाळी वाचनाचे उपक्रम त्या देशातील ग्रंथालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू केले होते. न्यू हेवन येथील ग्रंथालयाचा अनुभव असलेल्या विल्यम बॉर्डन यांना महाराजांनी १९१० साली बडोद्यास आणले. पुढील तीन वर्षांत स्वतंत्र ग्रंथालय खाते उभे राहिले, ग्रंथपालांच्या शिक्षणाचे वर्ग निघाले आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले. महाराजांनी राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. जे ग्रंथ राजाच्या दिवाणखान्याची शोभा होते, ते प्रजेच्या हाती गेले आणि त्यासाठी वर्गणी द्यावी लागत नव्हती. या ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. खेळायला आलेले मूल पुस्तकापाशी रेंगाळेल, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

खेड्यांसाठी योजलेली रीत तर आजही अनुकरणीय आहे. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी ठराविक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार देई. गावाचे पैसे गुंतल्यामुळे वाचनालय गावाला आपले वाटे. या कामाला मोतीभाई अमीन यांच्यासारख्या तळमळीच्या शिक्षकाची जोड मिळाली. त्यांनी मित्रमंडळांची वाचनालये सरकारी खाते निघण्यापूर्वीच उभी केली होती. जेथे वाचनालय नव्हते, तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी पोहोचे. एक पेटी वाचून झाली की ती परत जाई व दुसरी येई. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी चित्रदर्शनाचे साहित्य असे. शिवाय वाचायला देशी भाषांत पुस्तके हवीत म्हणून सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला या ग्रंथमालांना राजाश्रय मिळाला. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, ते केवळ राजेपणाच्या मानापोटी नव्हे.

या कार्याची थोरवी सांगताना त्याची मर्यादा झाकण्याचे कारण नाही. याच सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परंतु १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आलेल्या त्या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि थोड्याच दिवसांत मुंबईला परतावे लागले. राजा पुस्तकाचे दार उघडू शकला, प्रजेच्या मनाचे दार त्याच्या हुकमाने उघडले नाही. म्हणूनच ग्रंथालय हे एका पिढीत संपणारे काम नव्हे. मुलांपासूनच ते सुरू करावे लागते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले आणि पुढे दहा वर्षांनी बडोदे संस्थानही विलीन झाले. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र अजून उभे आहे.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अनुदानप्राप्त ग्रंथालयांचे जाळे राज्यभर आहे आणि त्यांतील काही मुलांसाठी सुटीत उत्तम उपक्रम चालवितात. परंतु अनेक ठिकाणी बालविभाग म्हणजे कुलूप लावलेले एक कपाट असते. अनामत रकमेच्या अटीपाशी गरीब मूल थबकते. दुपारच्या वेळी, म्हणजे मूल मोकळे असते नेमके तेव्हा, ग्रंथालय बंद असते. पुस्तक फाटेल ही भीती पुस्तक वाचले जाणार नाही या भीतीहून मोठी झाली आहे. या गोष्टी बदलण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, फार मोठ्या निधीचीही नाही. सुटीपुरती अनामत माफ करावी, दुपारी दोन-तीन तास दार उघडे ठेवावे आणि जेथे ग्रंथालय नाही त्या वस्तीवर, पाड्यावर शेजारच्या ग्रंथालयाने पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी पाठवावी. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ओटीवरही ती उघडता येईल.

शाळा मुलाला हाक मारून बोलावते. ग्रंथालयात ते आपण होऊन जाते. आपण होऊन वाचण्याची ही सवय लागण्यास उन्हाळ्याच्या सुटीइतका अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविणाऱ्या एका खेडूत मुलाला ती सवय लागली आणि तिचे फळ एका संस्थानाने चाखले. आज अशी किती मुले कुलूप लावलेल्या कपाटाच्या काचेतून पुस्तकांकडे पाहत असतील, याचा विचार ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी ही सुटी संपण्यापूर्वी करावा.