चिंधी, गाडगं आणि खराटा

सहाव्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्टचं मॉडेल चक्क विकत आणलं होतं. रेडीमेड! थर्माकोलचा नदीघाट, निळ्या रंगाचं पाणी, काठावर हिरवी झाडं. मेसमधून जेवून आलो, त्यावर आपापली नावं चिकटवली आणि निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी व्हायवात सरांनी एकच प्रश्न विचारला, ही पायरी एवढीच उंच का? आम्ही चौघंही मॉडेलकडे असे पाहत राहिलो, जणू काही ते पहिल्यांदाच पाहतोय. खरं म्हणजे तसंच होतं! मार्क गेले त्याचं फार नाही, पण कपाशी विकून माझी फी भरणाऱ्या वडिलांना काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी एस.टी. पकडून गावाकडे गेलो. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. आजी ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. जुन्या लुगड्याचे, धोतराचे तुकडे जुळवत होती. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. टाके घालता घालता तिनं जवळच्याच दापुऱ्यात वाढलेल्या देबूची गोष्ट काढली. देबू म्हणजे आपले गाडगेबाबा. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची डिग्री घ्यायला आपण धडपडतो, त्यांच्याबद्दल मला आजीएवढंही माहीत नव्हतं, याची लाज वाटली. मग लायब्ररीत बसून वाचून काढलं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा, परीट घरातला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तिथं मामाच्या घरी देबू गुरं राखायचा, नांगर धरायचा. शाळा नाहीच. पण शेतातलं कुठलंही काम त्याला परकं नव्हतं. पुढे लग्न झालं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची रीत होती. यानं ती मोडून गोडधोड जेवण दिलं. जातभाई रुसले, पण ज्या दारूनं बाप नेला ती आपल्या अंगणात वाढायची नाही, हे त्याचं पक्कं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. आता त्यांचा वेश बघा. अंगावर चिंध्या जोडून केलेलं गोधडीसारखं वस्त्र. डोक्यावर फुटक्या खापराची टोपी. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पायातल्या वहाणासुद्धा दोन तऱ्हेच्या. हातात गाडगं आणि खराटा. त्यावरून कुणी गाडगेबाबा म्हणायचं, तर कुणी चिंधेबुवा. फोटोत हा वेश आपण हजारदा पाहिला असेल. पण मी या वेळी तो डिझाईन म्हणून पाहिला. यातली एकही वस्तू दुकानातून आणलेली वाटत नाही. सगळ्या लोकांनी फेकलेल्या. गाडगं एकच, त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. आपण वर्कशॉपमध्ये एका जॉबला चार टूल वापरतो राव!

बाबांचं कीर्तनही असंच हातानं घडवलेलं. गावात शिरले की आधी खराटा घेऊन गल्ल्या झाडायच्या, गटारं साफ करायची. संध्याकाळी त्याच गावात कीर्तन. विषय पोथीतून शोधायची गरज नव्हती. दारू, सावकाराचं कर्ज, देवापुढचा बकरा, शिवाशीव, हे सगळं समोरच असायचं. शुद्ध वऱ्हाडीत लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस पोरांना शाळेत घाला म्हणून गावोगाव विनवत फिरला.

मला सगळ्यात भिडलं ते ऋणमोचनचं काम. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी हे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. आपल्या पूर्णाकाठची माती काळी, चिकण. उन्हात भेगाळते, ओली झाली की फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. आंघोळ करून वर येणारी म्हातारी माणसं त्या उतारावर घसरायची. हजारो लोकांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं असेल. बाबांनी पाहिलं आणि कुदळ-फावडं हातात घेतलं. १९०८ मध्ये तिथं घाट उभा राहिला. पुढे १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली. ज्यांना देवळाच्या दारात उभं करत नसत, त्यांना हक्काचं छप्पर मिळालं. १९४९ मध्ये ती बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. नाशिक, आळंदी, मुंबई... इमारती उभ्या राहत गेल्या, बाबा मात्र त्याच चिंध्यांत राहिले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला. गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. आपण तिथून रोज ऑटोनं जातो.

आता आमच्या मॉडेलचं सांगतो. ते थर्माकोल आम्ही कॉटखाली सरकवलं. घरून पोतंभर काळी माती आणली, मेसमधली फुटकी बादली मागून घेतली, एक फळी आणि अर्धी वीट घेतली. फळीवर माती थापायची आणि एका टोकाकडून हळूहळू उचलत न्यायची. वीट कोणत्या कोनाला घसरते ते कोनमापकानं मोजायचं. आधी कोरडी माती, मग ओली, मग वर मुरूम पसरलेली. ओल्या मातीवर वीट अशी काही सुटली की रूममेटच्या पायावरच पडली! पण घाट का लागतो, पायरी कशाला हवी, हे त्या दिवशी हाताला कळलं. कोपरापर्यंत चिखल झाला होता आणि होस्टेलचा नळ नेमका गेलेला!

सरांनी पुन्हा बोलावलं तेव्हा बादली उचलून नेली. दिसायला अगदीच भिकार होती. सर पाऊण तास प्रश्न विचारत राहिले आणि आम्ही उत्तरं देत राहिलो. मार्क थोडेच वाढले, पण वडिलांना मी पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं.

मित्रांनो, नवीन सुचत नाही अशी तक्रार आपण कायम करतो आणि कॅम्पच्या दुकानांत आयडिया शोधतो. बाबांना सुचलं ते नदीकाठच्या चिखलात आणि उकिरड्यावरच्या खापरात. आपल्या होस्टेलच्या मागेही असा ढीग पडलेला आहे. या रविवारी एकदा बघून या. आणि हो, जाताना खराटा सोबत न्या!