महेलिया जॅक्सन

महेलिया जॅक्सन (२६ ऑक्टोबर, इ.स. १९११ – २७ जानेवारी, इ.स. १९७२) या अमेरिकेतील ख्यातनाम गॉस्पेल गायिका होत्या. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वाढलेले गॉस्पेल संगीत जगभरच्या श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नागरी हक्क चळवळीतील त्यांचा सहभागही सर्वश्रुत आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी आपले नाव तळलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहांच्या एका साखळीला दिले व गरजू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती न्यास स्थापन केला. त्यांच्या चरित्रातील हा भाग तुलनेने कमी परिचित आहे.

बालपण

त्यांचा जन्म लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे झाला. जन्मनाव महाला, 'महेलिया' हे रूप त्यांनी पुढे स्वीकारले. आई चॅरिटी क्लार्क मोलमजुरी करीत असे. वडील जॉनी जॅक्सन आठवडाभर बंदरावर हमाली आणि सुटीच्या दिवशी न्हाव्याचे काम करीत; ते वेगळ्या घरी राहत. दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. मिसिसिपी नदीच्या बांधालगतच्या तीन खोल्यांच्या गळक्या घरात मावश्या, भावंडे असे मोठे कुटुंब दाटीवाटीने राहत असे. महेलियांचे पाय जन्मतः वाकडे होते.

त्या पाच-सहा वर्षांच्या असताना आई वारली. 'ड्यूक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या मावशीने त्यांना सांभाळले. मावशी धर्मनिष्ठ आणि अतिशय कडक शिस्तीची होती. घरकाम आणि धुणीभांडी यांपुढे शाळा मागे पडली व चौथ्या इयत्तेच्या सुमारास शिक्षण थांबले. स्वयंपाक मात्र त्या याच घरात शिकल्या. पन्नास वर्षांनंतर ज्या पाककौशल्याच्या बळावर त्यांचे नाव उपाहारगृहांच्या पाट्यांवर झळकले, त्याचा उगम या स्वयंपाकघरात आहे.

संगीताचे संस्कार दोन दिशांनी झाले. कुटुंबाचे बॅप्टिस्ट चर्च संथ, गंभीर स्तोत्रे गाणारे होते; शेजारच्या 'सँक्टिफाइड' पंथाच्या चर्चमध्ये ढोल, खंजिरी, टाळ्या आणि पायांचा ठेका यांचा जल्लोष चाले. शिवाय मावसभावाकडे बेसी स्मिथ आणि मा रेनी यांच्या ब्लूजच्या तबकड्या होत्या. मावशीच्या घरात ब्लूज निषिद्ध असल्याने ती बाहेर गेली असताना महेलिया त्या ऐकत. पुढे त्यांनी ब्लूज कधी गायले नाही, पण त्यांच्या स्तोत्रगायनात बेसी स्मिथची छाया जाणकारांना नेहमी दिसत आली.

शिकागोतील सुरुवातीची वर्षे

दक्षिणेतील वर्णद्वेष व दारिद्र्य यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय त्या काळात उत्तरेकडील शहरांत जात होते. किशोरवयातच महेलियाही शिकागोला आल्या. परिचारिका होण्याची त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात वाट्याला आले ते लोकांचे कपडे धुणे आणि मोलकरणीचे काम. ग्रेटर सेलम बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात त्यांना प्रवेश मिळाला व तेथील 'जॉन्सन सिंगर्स' या लहानशा पथकाबरोबर त्या चर्चोचर्ची गाऊ लागल्या.

शहरातील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना त्यांचे गाणे सुरुवातीला रुचले नाही. गाताना डोलणे, हात उंचावणे, टाळ्या वाजवणे हे त्यांना गावंढळ वाटे. एका संगीतशिक्षकाने तर त्यांना पहिल्याच धड्यात ओरडून गाणारी ठरवले; महेलिया पुन्हा कोणाकडे शिकायला गेल्या नाहीत. ज्यांना आधुनिक गॉस्पेलचे जनक म्हटले जाते त्या टॉमस ए. डॉर्सी यांनी मात्र त्यांची योग्यता ओळखली. डॉर्सी पूर्वाश्रमीचे ब्लूज वादक होते. आपली नवी गीते लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी महेलियांना सोबत घेऊन अनेक वर्षे दौरे केले.

इ.स. १९३६मध्ये त्यांनी आयझॅक हॉकनहल या सुशिक्षित रसायनतज्ज्ञाशी विवाह केला. मंदीचे दिवस होते. पत्नीने चर्च सोडून रंगमंचावर गावे, असा हॉकनहल यांचा आग्रह असे. त्यांच्याच आग्रहावरून 'मिकाडो' या संगीतिकेच्या जॅझ आवृत्तीसाठी त्यांनी चाचणी दिली आणि त्यांची निवडही झाली. घरी परतल्यावर पतीला नोकरी लागल्याचे कळताच त्यांनी ती भूमिका नाकारली. पतीला घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. इ.स. १९४१च्या सुमारास हा विवाह संपुष्टात आला.

केवळ गाण्यावर पोट भरणार नाही, हे त्या जाणून होत्या. केशभूषेचे शिक्षण घेऊन त्यांनी शिकागोत स्वतःचे केशकर्तनालय काढले, नंतर फुलांचे दुकानही चालवले. चर्चमध्ये त्यांचे गाणे ऐकलेल्या स्त्रिया आठवड्याभरात त्यांच्या दुकानात केस करून घ्यायला येत, आणि अंत्यविधीला ज्या गात त्या विधीची फुलेही अनेकदा त्यांच्याच दुकानातून जात. त्यांची व्यवहारदृष्टी उतारवयात अचानक जागी झाली नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

कीर्ती

इ.स. १९३७मध्ये डेक्का कंपनीने काढलेल्या त्यांच्या पहिल्या तबकड्या खपल्या नाहीत. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे त्यांचे ध्वनिमुद्रण झाले नाही. इ.स. १९४६मध्ये अपोलो या छोट्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. डब्ल्यू. हर्बर्ट ब्रूस्टर यांनी रचलेले 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' हे गीत त्यांनी इ.स. १९४७मध्ये गायले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. गॉस्पेलसाठी हा आकडा तोवर कल्पनेपलीकडचा होता. ऑक्टोबर, इ.स. १९५०मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे गायन झाले. इ.स. १९५२मध्ये युरोपचा दौरा झाला. इ.स. १९५४मध्ये त्या कोलंबिया या बड्या कंपनीकडे गेल्या व सीबीएस रेडिओवर त्यांच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. या काळातील बहुतेक सर्व यशात पियानोवादक मिल्ड्रेड फॉल्स यांचा वाटा मोठा होता. त्या मानाने त्यांना मिळालेला मोबदला अल्प होता, असा ठपका काही चरित्रकारांनी जॅक्सन यांच्यावर ठेवला आहे, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही.

गायनाची धाटणी सांगायची तर, संथ स्तोत्रात त्या ठेका जवळजवळ सोडून देत आणि एकेक शब्द स्वरांनी लांबवत, वळवत, थांबत पुढे नेत. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यास येथे विलंबित आलापीची आठवण होणे शक्य आहे, जरी दोहोंचा काही संबंध नाही. द्रुत गीतात हाच आवाज पूर्ण ताकदीनिशी ठेक्यावर स्वार होई. जॅझ वादक त्यांना आपल्यातीलच मानत. ड्यूक एलिंग्टन यांनी इ.स. १९५८मध्ये 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' या रचनेच्या ध्वनिमुद्रणात त्यांना गायला लावले. मात्र नाइटक्लबमध्ये किंवा मद्य दिले जाते अशा ठिकाणी गाण्यास त्यांनी कितीही मोठी बिदागी देऊ केली तरी नकार दिला.

दक्षिणेतील दौऱ्यांत हॉटेले व खानावळी कृष्णवर्णीयांना दाराबाहेर ठेवत. हजारोंच्या सभागृहात गाऊन झाल्यावर ही गायिका मोटारीत बसून बरोबर आणलेले खाणे खाई आणि अनेकदा मोटारीतच झोपे. आयोजकांकडून फसवणुकीचे अनुभव आल्याने त्या धनादेश न घेता रोख रकमेचा आग्रह धरत व ती अंगावरच बाळगत.

इ.स. १९५६मध्ये त्यांनी शिकागोच्या चॅटम भागात घर विकत घेतले. वस्ती तेव्हा गोऱ्यांची होती. त्यांच्या खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या व काही काळ पोलिसांचा पहारा ठेवावा लागला. शेजारी एकामागून एक घरे विकून गेले आणि काही वर्षांत ती वस्ती कृष्णवर्णीयांची झाली.

नागरी हक्क चळवळ

अलाबामातील माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराच्या वेळी, इ.स. १९५६मध्ये, महेलिया तेथे जाऊन गायल्या. राल्फ अबरनेथी यांच्या ज्या घरी त्या उतरल्या होत्या, त्यावर पुढच्याच महिन्यात बॉम्ब टाकण्यात आला. यानंतर किंग यांच्या सभांना गाणे व चळवळीसाठी निधी गोळा करणे हे त्यांचे नित्याचे काम झाले. मन खचले की किंग त्यांना दूरध्वनी करून गाणे ऐकत, असे सांगितले जाते.

२८ ऑगस्ट, इ.स. १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील विराट मोर्चात किंग यांच्या भाषणापूर्वी त्या गायल्या. किंग लिहून आणलेले भाषण वाचत असताना मागे बसलेल्या महेलियांनी त्यांना ओरडून आपल्या स्वप्नाबद्दल सांगण्यास सुचवले. त्यानंतर किंग यांनी कागद बाजूला सारला व भाषणाचा जो भाग जगाच्या स्मरणात राहिला तो उत्स्फूर्तपणे उच्चारला. केवळ त्या हाकेमुळे हे घडले काय, हे ठरवणे कठीण आहे. हाक दिली गेली याची साक्ष मात्र तेथे हजर असलेल्यांनी दिली आहे. इ.स. १९६८मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत डॉर्सी यांचे 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत त्यांनीच गायले.

उपाहारगृहांचा व्यवसाय

किंग यांची हत्या मेम्फिस येथे झाली. त्याच शहरातील दोन कृष्णवर्णीय वकिलांनी, ए. डब्ल्यू. विलिस व बेंजामिन हुक्स यांनी, जॅक्सन यांचे नाव घेऊन उपाहारगृहांची साखळी उभी करण्याचे ठरवले. विलिस हे टेनेसीच्या विधिमंडळाचे सदस्य राहिलेले होते, तर हुक्स न्यायाधीश होते व पुढे एनएएसीपी या संघटनेचे प्रमुख झाले. कायद्याने समान हक्क मिळाले तरी कृष्णवर्णीय वस्त्यांतील दुकाने, घरे आणि नफा बहुतांशी बाहेरच्यांच्याच हाती होता. ज्या खानावळींनी एके काळी दार बंद केले होते, तेथे आता बसून खाता येत होते. पण गल्ल्यामागे बसण्याची संधी अजून दूर होती.

'महेलिया जॅक्सन्स ग्लोरी-फ्राइड चिकन' या नावात ईश्वरी गौरव आणि तळणे यांवर श्लेष आहे. विक्रीपरवाने प्राधान्याने कृष्णवर्णीय उद्योजकांना द्यायचे, दुकाने त्यांच्याच वस्त्यांत काढायची आणि कामगारही तेथलेच घ्यायचे, अशी योजना होती. भांडवल व तांत्रिक साहाय्य नॅशव्हिलच्या 'मिनी पर्ल्स चिकन' या साखळीच्या चालकांकडून आले. मिनी पर्ल ही गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांची लाडकी विनोदी कलावंत होती. एकाच उद्योगसमूहाने दोन समाजांसाठी दोन लोकप्रिय स्त्रियांची नावे पाट्यांवर लावली. गल्फ ऑइल कंपनीच्या पेट्रोल पंपांच्या आवारातही काही शाखा निघाल्या. जॅक्सन यांनी नावाखेरीज जाहिरातींत व उद्घाटनांत प्रत्यक्ष भाग घेतला. इ.स. १९७०मध्ये 'महेलिया जॅक्सन कुक्स सोल' हे त्यांचे पाककृतींचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. घरी आलेल्या पाहुण्यांना न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीचे जेवण रांधून वाढण्याबद्दल त्या आधीपासूनच प्रसिद्ध होत्या.

धंदा फार काळ टिकला नाही. मूळ मिनी पर्ल साखळी परवान्यांचे शुल्क दुकान उघडण्यापूर्वीच नफा म्हणून दाखवीत होती. विकलेले परवाने पुष्कळ आणि चालू दुकाने थोडी, अशी स्थिती होती. रोखे बाजाराच्या नियामकांनी या हिशेबावर आक्षेप घेतल्यावर समभाग कोसळले. मूळ समूह डबघाईला आल्यावर जॅक्सन यांच्या नावाच्या शाखाही १९७०च्या दशकात बंद होत गेल्या. त्यांतील अपयश पाककृतीचे नव्हते, तसे ग्राहकांच्या अभावाचेही दिसत नाही. उधारीच्या पायावर उभारलेल्या घराचाच तो दोष होता. ज्यांनी बचत घालून परवाने घेतले त्यांना त्याची झळ लागली.

शिष्यवृत्ती न्यास व अन्य कार्य

स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिल्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. त्यांनी स्थापन केलेल्या 'महेलिया जॅक्सन शिष्यवृत्ती न्यासा'तून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना साहाय्य केले जाई.

भारतदौरा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वतीने इ.स. १९७१मध्ये त्या भारतात आल्या. कलकत्ता, नवी दिल्ली, मद्रास व मुंबई येथे त्यांचे कार्यक्रम झाले आणि तिकिटे झपाट्याने संपली. नवी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांना भेटल्या व त्यांनी त्यांच्या आवाजाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच वर्षी बांगलादेशच्या प्रश्नावरून दोन्ही देशांचे संबंध विकोपाला गेले, हे पाहता हे स्वागत विशेष म्हणावे लागेल.

मृत्यू

इ.स. १९६४पासून त्यांना हृदयविकाराचा त्रास होता. सिगमंड गॅलोवे यांच्याशी झालेला दुसरा विवाहही अल्पकाळात मोडला. भारतानंतर युरोपच्या दौऱ्यात जर्मनीत त्या आजारी पडल्या व शिकागोला परतल्या. जानेवारी, इ.स. १९७२मध्ये आतड्यांवरील शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिकागोत सुमारे पन्नास हजार लोकांनी अंत्यदर्शन घेतले. तेथील अंत्यविधीत अरेथा फ्रँकलिन गायल्या. किंग यांच्या अंत्यविधीत महेलियांनी गायलेलेच गीत त्यांनी निवडले होते. त्यानंतर पार्थिव न्यू ऑर्लिन्सला नेण्यात आले. तेथे पुन्हा हजारोंच्या उपस्थितीत विधी झाल्यावर शहराजवळच्या मेटेरी येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. न्यू ऑर्लिन्समधील एका मोठ्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिलेले आहे.