रविवार मिळवून देणारा माणूस

रविवारी सकाळी उदगीरच्या कोणत्याही घरात डोकावले तर चित्र बहुधा सारखेच दिसते. चहाचा दुसरा कप, पुढ्यात पसरलेली पुरवणी आणि अजून अंथरुणात लोळणारी मुले. ही निवांत सकाळ इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी तरी भांडून मिळवली असेल हे मनातही येत नाही. आपल्याकडे तर निजामाच्या राज्यात सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असे ती शुक्रवारी. रविवार इकडे मागाहून आला. पण ज्या मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथेही १८९० पूर्वी गिरणी कामगाराला हक्काचा रविवार नव्हता. तो मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, परिस्थिती बेताची. शिक्षण संपताच त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी धरली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीतल्या माणसांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. काम उजाडताच सुरू होई आणि दिवस मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांवर जाई. सणावाराची सुट्टी मिळाली तरी यंत्रे पुसायला यावे लागे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांच्या विश्रांतीबद्दल मात्र त्यात काहीच नव्हते.

लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवायला घेतले आणि त्यासाठी नोकरीवर पाणी सोडले. संसारी माणसाने महिन्याचा बांधलेला पगार सोडून गरिबांचे वर्तमानपत्र चालवणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

१८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. ही यादी आज सावकाश वाचावी. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण झोप पुरी न होणे, पगार कधी हाती पडेल याचा घोर, हात तुटला तर घर कसे चालेल याची धास्ती, माणसाला आतून पोखरणाऱ्या या गोष्टींवरच प्रत्येक मागणीने बोट ठेवले होते.

मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे सहा वर्षे अर्ज, सभा आणि लेख यांचा नेट लावून राहिले. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी देवाला आणि घराला वेळ मिळावा, असाही मुद्दा त्यांनी मांडल्याचे सांगतात. माळेगावच्या जत्रेला जाणाऱ्या आपल्या लोकांना तो वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. कारखान्यांतील साप्ताहिक विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९२१ साल उजाडावे लागले.

विधवांच्या केशवपनाला नकार देण्यासाठी त्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र केले, तेही १८९० मध्येच. नंतर मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत असताना लोखंडे रुग्णसेवेत उतरले, आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मनावरच्या आघातांचा अभ्यास आपल्याच लातूर जिल्ह्यात झाला. २०१४ मध्ये राष्ट्रीय धोरण आले, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर कोणालाही फोन करून मन मोकळे करता येते. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे बाराशे कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हे सारे हवेच. पण यात आधार मिळतो तो मन थकल्यावर. मन थकू नये म्हणून काय करायचे, ते लोखंडे यांच्या यादीत आहे. उद्याच्या धोरणाने उपचाराच्या जोडीने ती यादी हाती धरायला हवी. कारण आपल्या गावातच बघा. अडतीवर पोती वाहणारा हमाल, हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा, ऊसतोडीला बाहेर पडलेले जोडपे, यांना सुट्टी म्हणजे खाडा. एक दिवस विसावले की एका दिवसाची मजुरी गेली. पोटाला चिमटा घेऊन मिळालेल्या विश्रांतीने मन हलके होत नाही.

धोरण दिल्लीत आणि मुंबईत ठरते, तोवर थांबायचे कारण नाही. आपल्या दुकानात एखादा नोकर असेल, घरी धुण्याभांड्याला मावशी येत असतील. त्यांना आठवड्यातून एक दिवस, पगार न कापता, सुट्टी देणे आपल्याच हातात आहे. आणि घरातली जी माउली रविवारी इतर दिवसांपेक्षा जास्तच राबते, तिचा रविवार कोणता, हेही आज जेवताना तिला विचारावे.